डेल्टा-८, एचएचसी आणि 'हेंप गमी' : अर्ध-कृत्रिम कॅनाबिनॉइड्सबद्दल कुटुंबाने काय जाणून घ्यावे?

अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांना पेट्रोल पंपाला जोडलेल्या दुकानात रंगीत गमीची पाकिटे दिसतात. त्यावर 'हेंप', 'डेल्टा-८', 'शांत झोपेसाठी' असे लिहिलेले असते. युरोपात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानावर 'एचएचसी' हे नाव पडते. कधी एखादा नातेवाईक गुडघेदुखीसाठी म्हणून अशीच एक बाटली बॅगेत घालून भारतात आणतो. "हे औषध आहे का? गांजा आहे का? भांगेसारखे नैसर्गिकच आहे ना?" असे प्रश्न मग डॉक्टरांना विचारले जातात.

थोडक्यात उत्तर असे : हे मान्यताप्राप्त औषध नाही. ते गांजाही नाही, पण शरीरावरचा परिणाम बऱ्याच अंशी गांजासारखाच असतो. आणि पाकिटावर हिरवे पान छापलेले असले तरी आतला पदार्थ बहुतेक वेळा प्रयोगशाळेत रासायनिक प्रक्रियेने तयार केलेला असतो.

कॅनाबिनॉइड म्हणजे काय?

गांजाच्या झाडात शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड्स असतात. त्यातली दोन सगळ्यांत महत्त्वाची. पहिले डेल्टा-९ टीएचसी, ज्यामुळे नशा चढते. दुसरे सीबीडी, ज्याने नशा होत नाही.

आपल्या मेंदूत आणि मज्जासंस्थेत सीबी-१ नावाचे ग्राही असतात. ग्राही म्हणजे पेशीवरचे कुलूप. आपले शरीर स्वतःच त्याच्या किल्ल्या तयार करत असते. स्मरणशक्ती, भूक, वेदना, मनःस्थिती, शरीराचा तोल या सगळ्यांत या व्यवस्थेचा वाटा असतो. टीएचसी या कुलपात बसते, म्हणून वेळेचे भान, स्मृती, तोल आणि नाडी हे सगळे एकदम बदलते. सीबीडी या कुलपात तसे बसत नाही.

कॅनाबिनॉइड्सचे तीन गट लक्षात ठेवा :

- नैसर्गिक : झाडातून थेट मिळणारी. उदा. टीएचसी, सीबीडी.
- पूर्ण कृत्रिम : 'स्पाइस' किंवा 'के-२' या नावांनी विकली गेलेली रसायने. यांचा झाडाशी काहीही संबंध नसतो आणि यातली बरीचशी टीएचसीपेक्षा कितीतरी जहाल असतात.
- अर्ध-कृत्रिम : झाडातून काढलेल्या सीबीडीवर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेली. डेल्टा-८ टीएचसी, एचएचसी, टीएचसी-ओ ही त्यातली प्रमुख नावे. हा लेख या गटाबद्दल आहे.

सीबीडीपासून नशेचा पदार्थ कसा तयार होतो?

सीबीडी आणि टीएचसी यांचे रासायनिक सूत्र एकच आहे : २१ कार्बन, ३० हायड्रोजन, २ ऑक्सिजन. फरक आहे तो मांडणीचा. सीबीडीच्या रेणूतले एक कडे उघडे असते. आम्ल घालून तापवले की ते कडे बंद होते आणि सीबीडीचे टीएचसी बनते.

टीएचसीच्या रेणूत एका ठिकाणी दुहेरी बंध असतो. तो नवव्या कार्बनपाशी असेल तर डेल्टा-९, आठव्यापाशी असेल तर डेल्टा-८. यातला डेल्टा-८ अधिक स्थिर असतो, त्यामुळे तीव्र आम्लात जास्त वेळ ठेवले की मिश्रण डेल्टा-८ कडे झुकते. झाडात डेल्टा-८ अगदी नगण्य असते. दुकानांत मिळणारे बहुतेक सगळे डेल्टा-८ अशाच पद्धतीने बनवलेले असते.

एचएचसी तयार करण्यासाठी आणखी एक पायरी लागते. तेलापासून वनस्पती तूप कसे बनवतात हे तुम्हाला माहीत असेल : निकेलसारख्या उत्प्रेरकाच्या मदतीने तेलात हायड्रोजन घालतात, दुहेरी बंध नाहीसे होतात आणि तेल घट्ट होते. टीएचसीवर तीच क्रिया केली की एचएचसी मिळते. या रसायनाची माहिती शास्त्रज्ञांना १९४० च्या दशकापासून होती, बाजारात मात्र ते अलीकडे आले.

एचएचसीची एक अडचण आहे. त्याचे दोन जुळे रेणू तयार होतात, डाव्या आणि उजव्या पायातल्या चपलेसारखे. दिसायला सारखे, पण कुलपात नीट बसणारा एकच. दुसऱ्याचा परिणाम फार कमी. दोघांचे प्रमाण प्रत्येक खेपेला बदलू शकते. म्हणून दोन बाटल्यांवर एचएचसीचे तेवढेच मिलीग्रॅम लिहिलेले असले तरी एकीने काहीच होत नाही आणि दुसरीने माणूस आडवा होतो, असे घडू शकते.

टीएचसी-ओ मध्ये टीएचसीला अ‍ॅसिटेटचा तुकडा जोडलेला असतो. शरीरात गेल्यावर तो सुटतो आणि टीएचसी मोकळे होते. टीएचसीपी हा प्रकार २०१९ मध्ये इटलीतील संशोधकांना झाडात अत्यल्प प्रमाणात सापडला. प्रयोगशाळेतील चाचणीत तो सीबी-१ ग्राहीला टीएचसीपेक्षा सुमारे ३० पट घट्ट चिकटतो असे दिसले. याचा अर्थ माणसात नशा ३० पट होते असा नाही, पण इथे मिलीग्रॅमच्या अंशातली चूकही महाग पडू शकते.

हे पदार्थ दुकानात आले कसे?

याचे मूळ एका कायद्यातल्या व्याख्येत आहे. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या शेती कायद्याने ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त डेल्टा-९ टीएचसी नसलेल्या गांजाच्या झाडाला 'हेंप' म्हणून मोकळीक दिली. व्याख्येत फक्त डेल्टा-९ चे नाव होते. हेंपची लागवड झपाट्याने वाढली, सीबीडीचे उत्पादन गरजेपेक्षा जास्त झाले आणि भाव कोसळले. पडून राहिलेल्या सीबीडीपासून डेल्टा-८ बनवणे फायद्याचे ठरले. ज्या राज्यांत गांजा बेकायदा होता तिथेही ही उत्पादने उघड विकली जाऊ लागली, अनेक ठिकाणी वयाची खात्री न करता.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने ही व्याख्या बदलणारा कायदा केला. झाडाबाहेर तयार केलेली कॅनाबिनॉइड्स त्यानुसार हेंपमध्ये मोडत नाहीत. अंमलबजावणीसाठी एक वर्षाची मुदत ठेवली गेली.

युरोपात एचएचसी प्रथम मे २०२२ मध्ये आढळले आणि वर्षभरात बहुतेक देशांत पोहोचले. फ्रान्सने जून २०२३ मध्ये आणि जर्मनीने जून २०२४ मध्ये त्यावर बंदी घातली. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने एचएचसीचा समावेश आंतरराष्ट्रीय नियंत्रणाच्या यादीत केला.

जपानचा अनुभव बोलका आहे. तिथे एचएचसीवर मार्च २०२२ मध्ये बंदी आली. मग उत्पादक रेणूत थोडा फरक करून एचएचसीएच घेऊन आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये टोकियोतील एका बागेत भरलेल्या कार्यक्रमात वाटलेल्या गमी खाऊन अनेक जण आजारी पडले. डिसेंबरमध्ये एचएचसीएचवरही बंदी आली. एका नावावर बंदी आली की दुसरे नाव येते, हा या बाजाराचा नियमच आहे. म्हणून "हे तर कायद्याने चालते" या वाक्यावरून पदार्थ सुरक्षित आहे असे समजू नका.

पाकिटात नेमके काय असते?

धोका दोन ठिकाणी आहे. पहिला, मूळ पदार्थाचा. दुसरा, त्याच्यासोबत येणाऱ्या गोष्टींचा.

सीबीडीवर आम्लाची प्रक्रिया केली की एकच पदार्थ मिळत नाही. डेल्टा-८, डेल्टा-९, डेल्टा-१० आणि झाडात न आढळणारे काही उपपदार्थ यांचे मिश्रण मिळते. हे उपपदार्थ माणसाच्या शरीरात काय करतात याचा अभ्यास झालेला नाही. शुद्धीकरण नीट झाले नसेल तर आम्लाचे अंश, द्रावके, एचएचसीच्या बाबतीत पॅलेडियम किंवा निकेलसारखे धातूही मागे राहू शकतात. अमेरिकेतील कॅनाबिस उद्योगाच्याच एका संघटनेने २०२१ मध्ये डेल्टा-८ ची १६ उत्पादने तपासली, तेव्हा एक वगळता सर्वांत डेल्टा-९ टीएचसी कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले.

औषधाच्या गोळीत किती मिलीग्रॅम घटक आहे याची जबाबदारी उत्पादकावर असते आणि तपासणारी यंत्रणा असते. इथे तशी सक्तीची यंत्रणा नाही. पाकिटावरचा क्यूआर कोड आणि प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र काही वेळा खरे असते, काही वेळा दुसऱ्याच खेपेचे असते.

व्हेपबद्दल विशेष सावधगिरी हवी. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या गंभीर आजाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली. त्याचा ठळक संबंध टीएचसीच्या तेलात मिसळलेल्या व्हिटॅमिन-ई अ‍ॅसिटेटशी आढळला. टीएचसी-ओ हेही अ‍ॅसिटेटच आहे, आणि ते तापवल्यावर कीटीन हा फुप्फुसाला घातक वायू तयार होऊ शकतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

शरीरावर काय परिणाम होतात?

डेल्टा-८ ची नशा डेल्टा-९ पेक्षा सौम्य असते, हे साधारणपणे खरे आहे. पण म्हणूनच लोक दुप्पट घेतात आणि मग परिणाम तोच होतो.

*सर्वसाधारण परिणाम :* डोळे लाल होणे, तोंडाला कोरड, नाडी जलद होणे, भूक वाढणे, गुंगी, वेळेचे भान सुटणे, प्रतिक्रिया मंदावणे.

*मात्रा जास्त झाल्यास :* तीव्र घबराट, संशय, भास, उलट्या, छातीत धडधड, उभे राहताच चक्कर, बोलणे असंबद्ध होणे, शुद्ध हरपणे.

*नियमित सेवनाने :* सवय लागणे, मात्रा वाढवत जावी लागणे, अभ्यास-कामात लक्ष न लागणे. सोडल्यावर चिडचिड, झोप न येणे, भूक मंदावणे ही लक्षणे साधारण दोन आठवडे राहतात. काहींना वारंवार उलट्या आणि पोटदुखीचा त्रास सुरू होतो आणि गरम पाण्याने आंघोळ केली की तेवढ्यापुरते बरे वाटते. अशी खूण असेल तर डॉक्टरांना गांजाजन्य पदार्थांच्या सेवनाबद्दल आवर्जून सांगा. नाहीतर एंडोस्कोपी, सोनोग्राफी होत राहतात आणि कारण सापडत नाही.

मनावरच्या परिणामांकडे दुर्लक्ष करू नका. एचएचसी घेतल्यानंतर सायकोसिस, म्हणजे वास्तवाचे भान सुटणे, झालेल्या रुग्णांची नोंद आयर्लंडमधील डॉक्टरांनी केली आहे. घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराचा इतिहास असेल तर हा धोका अधिक मानावा.

अमेरिकेच्या एफडीएकडील आकडे पाहा. जानेवारी २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात तेथील विषबाधा केंद्रांकडे डेल्टा-८ ची २,३६२ प्रकरणे आली. त्यातली ४१ टक्के १८ वर्षांखालील मुलांची होती. एकूण प्रकरणांपैकी ७० टक्क्यांत दवाखान्यात तपासणीची गरज पडली. एका मुलाचा मृत्यू झाला.

गमी खाल्ल्यावर जास्त का चढते?

ओढलेल्या पदार्थाचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो आणि दोन ते चार तासांत ओसरतो. खाल्लेल्या पदार्थाचे तसे नाही. तो पोटातून यकृतात जातो, आणि तिथे टीएचसीपासून मेंदूवर तितकाच किंवा अधिक परिणाम करणारा दुसरा पदार्थ बनतो. परिणाम सुरू व्हायला अर्धा ते दोन तास लागतात आणि तो आठ-दहा तासही टिकू शकतो.

बहुतेक घोटाळे या अर्ध्या ते दोन तासांत होतात. "एक गमी खाल्ली, काहीच झाले नाही" म्हणून माणूस दुसरी-तिसरी खातो, आणि मग तिन्ही एकदम चढतात. होळीला भांग प्यायलेल्यांना हा अनुभव ठाऊक असतो. फरक इतकाच की भांगेची ओळख आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि या गमीत काय आहे हे ती विकणाऱ्यालाही माहीत नसते.

कोणी अजिबात घेऊ नये?

- लहान मुले : गमी चॉकलेटसारखी दिसते आणि गोड लागते. मोठ्यांसाठी असलेली एक गमीही लहान मुलाला गाढ गुंगीत नेऊ शकते. श्वास मंदावणे, रक्तदाब उतरणे, अंग गार पडणे असे प्रकार होतात.
- किशोरवयीन मुले : मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते.
- गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया : टीएचसी वारेतून बाळापर्यंत आणि आईच्या दुधातही पोहोचते.
- हृदयविकार असलेले रुग्ण : नाडी वाढल्याने हृदयावर ताण येतो.
- ज्येष्ठ नागरिक : रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत उभे राहताना चक्कर येऊन पडण्याचा, हाड मोडण्याचा धोका असतो.
- ठरावीक औषधे घेणारे : वॉरफेरिन घेत असाल तर रक्त जास्त पातळ होऊ शकते. झोपेच्या गोळ्या, फिट्सची काही औषधे आणि दारू यांच्यासोबत गुंगी वाढते.

मग याचा औषधी उपयोग काहीच नाही का?

प्रश्न रास्त आहे. १९९५ मध्ये इस्रायलमधील डॉक्टरांनी कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या ८ मुलांना डेल्टा-८ दिले आणि त्यांच्या उलट्या थांबल्याची नोंद केली. पण ते शुद्ध रसायन होते, मात्रा मोजलेली होती आणि मुले रुग्णालयात डॉक्टरांच्या नजरेखाली होती. त्यावरून दुकानातली गमी योग्य ठरत नाही. आजमितीस एफडीएने डेल्टा-८ किंवा एचएचसीला कोणत्याही आजारासाठी मान्यता दिलेली नाही. शुद्ध सीबीडीचे औषध अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांसाठी मान्य आहे. ते वेगळे, आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळते.

झोप न येणे, गुडघेदुखी, चिंता या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांवर तपासलेले उपचार आहेत. त्यासाठी अज्ञात रसायनाचा आधार घेण्याची गरज नाही.

लघवीची तपासणी पॉझिटिव्ह येईल का?

येऊ शकते. नेहमीच्या चाचणीला डेल्टा-८ आणि डेल्टा-९ यांच्या अवशेषांतला फरक कळत नाही, आणि एचएचसीमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. परदेशात नोकरीपूर्वी अशी तपासणी होते, तेव्हा "मी फक्त हेंपची गमी खाल्ली" हे स्पष्टीकरण सहसा चालत नाही. उलट, काही नव्या रसायनांसाठी चाचणी निगेटिव्हही येते. म्हणून आपत्कालीन विभागात रिपोर्टपेक्षा तुम्ही दिलेली खरी माहिती अधिक उपयोगी पडते.

भारतात आणता येते का?

नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गांजा, चरस आणि टीएचसी नियंत्रित आहेत. तिकडच्या दुकानात उघड मिळते म्हणून बॅगेत टाकलेली गमी विमानतळावर गंभीर गुन्ह्याचे कारण ठरू शकते. कोणी "आईच्या गुडघ्यासाठी घेऊन जा" म्हणून पाकीट दिले तर लेबल वाचा. डेल्टा, टीएचसी, एचएचसी यांपैकी कोणतेही अक्षर दिसले तर नम्रपणे नाही म्हणा.

कोणी चुकून खाल्ले तर काय करावे?

१. माणूस शुद्धीत असेल तर शांत, कमी उजेडाच्या खोलीत बसवा. एकटे सोडू नका. "हा परिणाम उतरणार आहे" असे धीराने सांगत राहा.

२. गुंगी असेल तर डाव्या कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही.

३. उलटी करवू नका. भांग उतरवण्यासाठी देतात तसे लिंबूपाणी, चिंचेचे पाणी किंवा ताक गुंगीतल्या माणसाच्या तोंडात घालू नका. गुदमरण्याचा धोका असतो.

४. पाकीट जपून ठेवा, त्याचा फोटो काढा. किती आणि किती वाजता खाल्ले ते लिहून ठेवा.

५. गाडी चालवू देऊ नका, दुसऱ्या दिवशी सकाळीही गुंगी असेल तर तेव्हाही नाही.

लगेच रुग्णालयात न्या, जर : लहान मुलाने कितीही कमी खाल्ले असेल, हाक मारून जाग येत नसेल, श्वास मंद किंवा अनियमित असेल, छातीत दुखत असेल, फिट आली असेल, उलट्या थांबत नसतील, किंवा भास आणि आक्रमकपणा वाढत असेल. मूल वरवर ठीक दिसत असले तरी वाट पाहू नका, कारण परिणाम दोन तासांनीही सुरू होऊ शकतो.

अमेरिकेत विषबाधा केंद्राचा क्रमांक १-८००-२२२-१२२२ आणि आपत्कालीन सेवेचा ९११ आहे. युरोपीय संघात आणि भारतात ११२. भारतात रुग्णवाहिकेसाठी १०८.

यावर उतारा म्हणून वेगळे इंजेक्शन नाही. रुग्णालयात श्वास, रक्तदाब, नाडी यांवर लक्ष ठेवतात, सलाइन देतात, घबराट जास्त असेल तर शामक औषध देतात. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत पूर्ण बरे होतात. वेळेवर पोहोचणे आणि खरे सांगणे, एवढे तुमच्या हातात असते.

मुलांशी कसे बोलावे?

तुमचा मुलगा किंवा मुलगी परदेशात शिकत असेल आणि असे काही घेत असल्याचे कळले, तर पहिल्याच फोनवर रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी त्रास झाल्यावर फोन येणार नाही. काय घेतले, किती वेळा, झोप लागत नाही म्हणून की एकटे वाटते म्हणून, हे आधी ऐका. बऱ्याचदा अडचण गमीची नसते, तिच्यामागच्या निद्रानाशाची किंवा ताणाची असते, आणि त्यावर मदत मिळते. बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन केंद्र असते. भारतात मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे मोफत क्रमांक आहेत.

घरात अशी वस्तू असलीच तर ती औषधांच्या कपाटात कुलपात ठेवा, फ्रीजमध्ये चॉकलेटशेजारी नको. नातवंडांना सांभाळायला गेलेल्या आजी-आजोबांना ती कुठे आहे आणि काय आहे हे स्पष्ट मराठीत सांगा. पाकिटावरचे इंग्रजी बारीक अक्षर त्यांनी वाचले असेल असे गृहीत धरू नका.

*ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या तक्रारीसाठी आणि चालू औषधांबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*